पॅसिव्ह व्हॉइसचा नेमका गुन्हा काय?

इंग्रजीत प्रबंध लिहिणाऱ्यांना एक शेरा बऱ्याचदा मिळतो: 'पॅसिव्ह टाळा.' मग 'वॉज' आणि 'वेअर' शोधून शोधून खोडायचा कार्यक्रम सुरू होतो. हा सल्ला लोकप्रिय करणाऱ्या पुस्तकांत 'द एलिमेंट्स ऑफ स्टाइल'चं नाव वरचं आहे. कॉर्नेल विद्यापीठातले प्राध्यापक विल्यम स्ट्रंक यांनी ते १९१८ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांसाठी छापलं. १९५९ मध्ये त्यांचेच विद्यार्थी ई. बी. व्हाइट यांनी त्यात भर घालून ते नव्याने काढलं.

पुस्तक टाकाऊ नाही. कमी शब्दांत आणि नेमकं लिहा, हे त्यातलं म्हणणं आजही पटतं. पॅसिव्ह पूर्ण हद्दपार करा असंही ते म्हणत नाही. अडचण आहे ती उदाहरणांची. 'ॲक्टिव्ह व्हॉइस वापरा' या नियमाखाली आधीचं आणि सुधारलेलं अशा वाक्यांच्या चार जोड्या दिल्या आहेत. भाषाशास्त्रज्ञ जेफ्री पुलम यांनी २००९ मध्ये दाखवून दिलं, की आधीच्या चार वाक्यांपैकी खरोखर पॅसिव्ह एकच आहे! बाकीच्यांपैकी एक 'देअर वेअर'ने सुरू होतं, एक 'इट वॉज'ने, आणि एकात 'बिकेम' आहे.

समर्थक म्हणतील, चारही वाक्यं पॅसिव्ह आहेत असं तिथे कुठे लिहिलंय? बरोबर, नाही लिहिलेलं. पण त्या नियमाखाली ती वाक्यं वाचणारा विद्यार्थी दुसरं काय समजणार?

आपल्याकडे तर हा गोंधळ दुप्पट होतो. पॅसिव्ह म्हणजे कर्मणी प्रयोग, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. आता हे बघा: 'रामाने आंबा खाल्ला', 'रामाने चिंच खाल्ली'. क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं, म्हणून मराठीत हा कर्मणी प्रयोग. पण इंग्रजीत त्याचं होतं 'राम एट अ मँगो', म्हणजे चक्क ॲक्टिव्ह. इंग्रजी पॅसिव्हच्या जवळचं वाक्य म्हणजे 'आंबा रामाकडून खाल्ला गेला'. याला आपली व्याकरणं नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी म्हणतात. तेव्हा नुसतं 'कर्मणी' म्हणून भागत नाही.

बरं, खरा पॅसिव्ह असला तरी तो चूक का? 'द सॅम्पल्स वेअर केप्ट ॲट ३७ डिग्रीज' हे वाक्य नमुन्यांबद्दल आहे. ते कुणी ठेवले याच्याशी वाचकाला इथे देणंघेणं नाही. परिच्छेदभर नमुन्यांची गोष्ट चालू असताना दर वाक्यात 'वी' आणला, तर वाचकाची नजर सारखी आपल्याकडे वळते. वाक्य कशाबद्दल आहे ते ठरवायची सोय म्हणजे पॅसिव्ह.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की पॅसिव्हमुळे जबाबदारी लपते. उदाहरणही ठरलेलं: 'मिस्टेक्स वेअर मेड'. इराण-काँट्रा प्रकरणावर बोलताना १९८७ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी हीच शब्दरचना वापरली होती. आक्षेप खोटा नाही, पण अर्धवट आहे. आपलं 'चूक झाली' घ्या. यात पॅसिव्ह औषधालाही नाही, तरी कर्ता गायब! 'काच फुटली', 'फाइल हरवली', हीसुद्धा त्यातलीच. जबाबदारी लपवायचीच असेल तर ॲक्टिव्ह वाक्यातही ती आरामात लपते. आणि पॅसिव्हमध्ये 'बाय' लावून कर्त्याचं नाव स्पष्ट सांगताही येतं.

म्हणून पुढच्या वेळी असा शेरा आला तर वाक्य लगेच उलटवू नका. आधी ते खरंच पॅसिव्ह आहे का ते बघा: 'बी'चं रूप आणि त्यामागे मुख्य क्रियापदाचं तिसरं रूप आहे का? असेल, तर ते काम कुणी केलं हे वाचकाला कळायला हवं का, हे विचारा. हवं असेल तर कर्ता जरूर आणा. नको असेल तर वाक्य आहे तसं ठेवा, आणि का ठेवलं ते मार्गदर्शकांना सांगा.