कादंबरीतले रिव्हॉल्व्हर

पात्रांच्या अंगावरची वस्त्रे आपले कादंबरीकार फार जपून निवडतात. पेशवाईतल्या नायकाला कोणी कोट-पाटलोण चढवीत नाही. पण त्याच नायकाच्या नातवाच्या हाती रिव्हॉल्व्हर द्यायची वेळ आली, की लेखकाचे काळाचे भान सुटते. तमंचा, पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर ही जणू एकाच वस्तूची तीन नावे! ही बारीकसारीक गोष्ट आहे, असे मला वाटत नाही.

सत्तावन्नच्या बंडावरील कथेत एखादा गोरा अधिकारी खटकन नळकांडे बाजूला काढून त्यात काडतुसे भरतो. पण बाजूला झुलणारे नळकांडे प्रचारात आले १८८९ नंतर. १८५७ साली अधिकाऱ्यांजवळ असलेल्या कोल्ट किंवा ॲडम्सच्या रिव्हॉल्व्हरमध्ये दारू आणि गोळी पुढून ठासावी लागे आणि मागे तांब्याची टोपी बसवावी लागे. सगळे बार संपले की पुन्हा भरायला बराच वेळ जाई. त्या वेळात माणसाच्या मनात काय चालत असेल? खरी कथा तिथेच असते, आणि लेखक ती एका खटक्यात घालवून बसतो.

रहस्यकथांत तर याहून मौज. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून हा प्रकार घरोघर नेला. पुढे कित्येकांनी आपल्या खलनायकाच्या रिव्हॉल्व्हरला आवाज दाबणारी नळी बसविली. पण फिरते नळकांडे आणि नळी यांच्यामध्ये फट असते. आवाज तिथूनच बाहेर पडतो. एखाददुसरा अपवाद सोडला, तर ती नळी शोभेपुरतीच!

जुने छोटे रिव्हॉल्व्हर पाहण्यातही एक वाचनानंद आहे. बत्तीस बोअर म्हणजे नळीचा व्यास इंचाचा सुमारे बत्तीस शतांश. बेल्जममधील लिएज शहरी तपासणीचा शिक्का म्हणून लंबवर्तुळात तीन रोमन अक्षरे उठवीत. १८९३ पासून त्यावर मुकुट आला. म्हणजे वासुदेव बळवंतांच्या १८७९ च्या बंडावरील कादंबरीत मुकुटाचा शिक्का असलेले हत्यार आले, तर ते चौदा वर्षे आधीच जन्मले म्हणायचे! आणि फ्रान्समधले ते चिमुकले 'व्हेलोडॉग'? सायकलस्वारांच्या मागे लागणाऱ्या कुत्र्यांसाठी केलेले, साडेपाच मिलिमीटरचे. सायकलींचे शहर म्हणून एके काळी गाजलेल्या आमच्या पुण्याला त्याचे मर्म वेगळे सांगायला नको.

कोणी म्हणेल, वाचकाला कथा हवी, शस्त्रागाराची यादी नको. मान्य. पण नाशिकचे उदाहरण घ्या. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रसंगी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. ते रिव्हॉल्व्हर नव्हते, ब्राउनिंगचे पिस्तूल होते. त्याची काडतुसे नळकांड्यात नव्हे, मुठीत राहतात. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर लपवून पाठविलेल्या वीस पिस्तुलांपैकी ते एक. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्यावाचून शस्त्र बाळगता येत नव्हते, गोऱ्यांना मात्र मोकळीक होती. तेव्हा अठरा वर्षांच्या पोराच्या हाती ते नवेकोरे परदेशी पिस्तूल दिसणे, हीच सरकारला हादरविणारी बातमी होती. त्याच पिस्तुलाचा माग लंडनपर्यंत गेला. मार्च १९१० मध्ये सावरकरांना तेथे अटक झाली. १९ एप्रिलला कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले.

आता या प्रसंगात लेखकाने कान्हेऱ्यांच्या हाती कुठले तरी सहाबारी रिव्हॉल्व्हर दिले, तर काय होईल? लंडन पुसले जाईल. समुद्रापलीकडून आलेली ती पेटी पुसली जाईल. एका कटाची गोष्ट एका पोराच्या संतापाची गोष्ट होऊन बसेल. एका शब्दाच्या हलगर्जीपणाची ही किंमत आहे.

म्हणून लेखकमित्रांना माझे एवढेच सांगणे आहे, की पात्राच्या हाती घोडा देण्यापूर्वी त्याचा जन्मकाळ पाहा. आणि वाचकहो, दिवाळीच्या सुटीत मुले टिकल्यांचे पिस्तूल उडवीत असताना तुम्ही एखादी जुनी कादंबरी हाती घ्याल, तेव्हा नायकाच्या खिशात नेमके काय आहे, हे लेखकाला जरूर विचारा. प्रामाणिक लेखकाजवळ त्याचे उत्तर असते.