पूर्ण कृतीची पुनर्रचना : ‘बॅबिलॉन ५’च्या अनिर्मित नव्या आराखड्याचा विचार

लेखकाने आपलीच पूर्ण झालेली कृती पुन्हा मुळापासून रचावयास घेतली, तर त्या उद्योगाचे वाङ्मयीन स्वरूप कोणते मानावे? कादंबरीकार नव्या आवृत्तीत फेरफार करतो, नाटककार प्रयोगांच्या अनुभवाने संहिता दुरुस्त करतो. तेथे मूळ कृतीचे अस्तित्व गृहीत धरलेले असते. दूरचित्रवाणीच्या क्षेत्रात ‘रीबूट’ या नावाने रूढ झालेला प्रकार याहून भिन्न आहे. तो जुनी कथा पुढे चालवीत नाही; ती घडलीच नाही असे धरून तीच पात्रे आणि तेच विश्व घेऊन पुन्हा आरंभ करतो. अशा पुनर्रचनेचे समर्थन कशाने होते, याची चर्चा करण्यास जे. मायकेल स्ट्राझिन्स्की यांच्या ‘बॅबिलॉन ५’ या विज्ञानकथामालिकेचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे.

सामान्यतः पुनर्रचना करणारा लेखक मूळ लेखकाहून वेगळा असतो. ग्लेन लार्सन यांच्या १९७८ मधील ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ची पुनर्रचना २००३ मध्ये रोनाल्ड मूर यांनी केली. मूळ मालिकेतील यंत्रमानव ही एका परकीय जातीची निर्मिती होती. मूर यांनी ती मानवाचीच निर्मिती ठरविली. या एका बदलाने युद्धकथेचे रूपांतर अपराधकथेत झाले. यावरून एक कसोटी हाती लागते : पुनर्रचनेचे समर्थन नव्या नटसंचाने वा सुधारलेल्या तंत्राने होत नाही, कथेच्या मूळ कारणात अर्थपूर्ण बदल झाला तरच ते होते. स्ट्राझिन्स्की यांनीही २००४ मध्ये ब्राइस झेबल यांच्यासह ‘स्टार ट्रेक’च्या पुनर्रचनेचा प्रस्ताव लिहिला होता, तो स्वीकारला गेला नाही. परंतु ती कृती परक्याची होती. ‘बॅबिलॉन ५’ त्यांची स्वतःची आहे, आणि म्हणूनच येथे प्रश्न अधिक बिकट होतो.

मूळ मालिकेचा प्रास्ताविक चित्रपट फेब्रुवारी १९९३ मध्ये आणि तिची पाच पर्वे १९९४ ते १९९८ या काळात प्रक्षेपित झाली. एकंदर ११० भागांपैकी ९२ भाग एकट्या स्ट्राझिन्स्की यांनी लिहिले. तिसरे व चौथे पर्व तर संपूर्णतः त्यांच्याच लेखणीचे आहे. पाच मैल लांबीच्या एका अंतराळस्थानकावर निरनिराळ्या जातींचे राजदूत शांततेसाठी एकत्र येतात आणि तेथेच एका प्राचीन युद्धाची चाहूल लागते, असे तिचे संविधानक आहे. पाच वर्षांची एकसंध कथा आधी योजून मग लिहावयाची, ही त्या काळच्या अमेरिकन दूरचित्रवाणीत असाधारण अशी प्रतिज्ञा तिच्यामागे होती.

तथापि मालिकेचे प्रत्यक्ष रूप केवळ योजनेने घडलेले नाही. मूळ योजनेचा नायक सिंक्लेअर हा होता. ती भूमिका करणारे मायकेल ओ’हेअर पहिल्या पर्वानंतर आजारामुळे बाहेर पडले व त्यांच्या जागी ब्रूस बॉक्सलायटनर हे शेरिडनच्या भूमिकेत आले. हा अपघातच होता. परंतु लेखकाने त्याचे रचनेत रूपांतर केले. एका नायकाचे दोन नायक झाले : एक भूतकाळाचा, दुसरा भविष्याचा. सिंक्लेअर तिसऱ्या पर्वात परत येतो, सुमारे हजार वर्षे मागे जातो आणि मिनबारी जातीचा आदिपुरुष व्हॅलेन तो हाच, असे उघड होते. शेरिडनने तर पूर्वीच्या युद्धात मिनबारींचे मुख्य जहाज नष्ट केलेले. त्यामुळे मिनबारी राजदूत डेलेन हिच्याशी जुळणाऱ्या त्याच्या नात्याला जो ताण लाभतो, तो सिंक्लेअरच्या बाबतीत संभवतच नव्हता.

दुसरा अपघात मात्र असा फलदायी ठरला नाही. पाचव्या पर्वाची शाश्वती नसल्याने प्राचीन युद्ध आणि पृथ्वीवरील यादवी या दोन्ही सूत्रांची समाप्ती चौथ्या पर्वातच करावी लागली. पुढे दुसऱ्या वाहिनीने पाचवे पर्व घेतले. अखेरचा म्हणून आधीच चित्रित केलेला भाग राखून ठेवून नोव्हेंबर १९९८ मध्ये दाखविण्यात आला. परिणामी मालिकेचा कळस एका वर्षी आणि शेवट दुसऱ्या वर्षी अशी विसंगती उत्पन्न झाली. मूळ कृती पुन्हा लिहिण्यास कलादृष्ट्या सबळ कारण कोठे असेल तर ते येथे आहे.

सप्टेंबर २०२१ मध्ये द सी डब्ल्यू या वाहिनीसाठी स्ट्राझिन्स्की नवी ‘बॅबिलॉन ५’ लिहीत असल्याचे जाहीर झाले. एकाच नदीत दोनदा उतरता येत नाही या हेराक्लिटसच्या विचाराचा त्यांनी आधार घेतला. या भूमिकेला व्यावहारिक बाजूही होती. आंद्रेआस कात्सुलास २००६ मध्ये आणि मिरा फुरलान जानेवारी २०२१ मध्ये निवर्तल्या होत्या. प्रमुख नटांपैकी इतरही अनेक हयात नव्हते. जुनी कथा त्याच मुखांनी पुढे नेणे अशक्यच होते.

संहिता चित्रित न झाल्याने टीकेला आधार उरतो तो जाहीर झालेल्या कथासाराचा. त्यानुसार गूढ पूर्वायुष्य असलेला शेरिडन आरंभीच स्थानकावर येतो. पृथ्वीवरील एक शोधसंस्था अनवधानाने लाखो वर्षे पुढारलेल्या संस्कृतीशी संघर्ष ओढवून घेते आणि मानवजातीच्या अस्तित्वाची अखेरची आशा या स्थानकावर येऊन ठेपते. येथे तीन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली, अपघाताने आलेला नायक आता मूळ नायक झाला आहे. अपघाताचे फळ स्वीकारले, परंतु ते ज्या वाटेने आले ती वाट पुसली गेली. सिंक्लेअरचा उल्लेख कथासारात नाही. दुसरी, मूळ मालिकेत मानवी संशोधकांच्या मोहिमेने प्राचीन शक्तीला जागविल्याचे रहस्य दुसऱ्या पर्वात, मागाहून कळते. शेरिडनची पत्नी त्याच मोहिमेत नाहीशी झालेली असल्याने तो उलगडा त्याच्या दुःखाशी जोडला जातो. नव्या आराखड्यात तेच कारण पुढे आले आहे. तिसरी, मूळ मालिकेच्या प्रास्ताविक निवेदनात स्थानक ही शांततेची आशा होती. आता ती केवळ तगून राहण्याची आशा झाली.

उपर्युक्त कसोटी लावली असता निर्णय संमिश्र येतो. व्यापारी हव्यासाला संकटाचे कारण म्हणून अग्रभागी आणणे हा अर्थपूर्ण बदल होय. दोष परक्यांवरून मानवावर येतो. परंतु मूळ मालिकेचे वैचारिक सामर्थ्य वेगळ्या ठिकाणी होते. व्हॉर्लॉन व शॅडो या दोन ज्येष्ठ जातींच्या तत्त्वकलहात कनिष्ठ जाती प्यादी होतात आणि अखेरीस दोन्ही पालकांना नाकारतात, ही ती कल्पना. कथासारात शत्रू एकच आहे. एका शत्रूविरुद्ध तगून राहण्याच्या कथेत विजय संभवतो. नकार संभवत नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये वाहिनीने या संहितेची निवड त्या वर्षासाठी न करता ती पुढे राखून ठेवली. ऑक्टोबर २०२२ मध्ये वाहिनीची बहुतांश मालकी नेक्सस्टारकडे गेली व तिचे धोरणच पालटले. २०२३ मध्ये ‘द रोड होम’ हा चलच्चित्रपट निघाला, तो जुन्याच विश्वाचा आणि हयात असलेल्या जुन्या नटांच्या आवाजांचा होता. मूळ मालिकेच्या लेखनावर जवळजवळ एकहाती सत्ता गाजविणाऱ्या लेखकालाही तिचा पुनर्जन्म स्वतःच्या अधिकारात घडविता आला नाही. दूरचित्रवाणीतील कर्तृत्वाची ही मर्यादा आहे : कृती लेखकाची, मालिका मालकाची.

तरीही अनिर्मित आराखडा निरुपयोगी ठरत नाही. लेखक आपल्या कृतीतले काय सारभूत मानतो आणि काय प्रासंगिक, याचा तो लेखकाने स्वतःच दिलेला पुरावा असतो. स्ट्राझिन्स्की यांनी शेरिडनला सारभूत मानले. मूळ मालिका मात्र निराळी साक्ष देते : शेरिडन मोठा झाला तो सिंक्लेअरच्या रिकाम्या जागेमुळे. ती जागाच ज्या रचनेत नाही, तिला तो मोठेपणा नव्याने कमवावा लागेल.