केडगावचे बायबल : निष्ठा आणि भाषा

दौंड तालुक्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचा विचार करताना भक्ती व भाषादृष्टी यांची गल्लत होऊ नये. सामान्य स्त्रियांना समजावे म्हणून त्यांनी संस्कृतप्रचुर शब्द कटाक्षाने टाळले. परंतु मुळाशी इमान राखताना वाक्यरचना पुष्कळदा परकीच राहिली. शब्द सोपे, वाक्य अवघड, असा हा पेच आहे. तथापि १९२१ मध्ये कन्या मनोरमा निवर्तल्यावरही रमाबाईंनी हे कार्य सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे देहावसान झाले. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. अखेरपर्यंत टिकलेली श्रद्धा या भाषांतराच्या दोषांतूनही प्रत्ययास येते; कारण ते दोष आळसाचे नसून अतिनिष्ठेचे आहेत.