रिकाम्या भिंतीमागचे घर

मुंबई-नाशिक महामार्गापासून घोडबंदर रस्ता जेथे फुटतो, त्या माजिवडा नाक्याभोवती आता उत्तुंग इमारती उभ्या आहेत. तेथील एका स्नेह्यांच्या नव्या घरी नुकताच जाण्याचा योग आला. पांढऱ्या भिंती, हँडल नसलेली कपाटे, जमिनीलगतचा पलंग. कोठे खुंटी नाही की खिळा नाही. डोळे निवले, हे आधी मान्य केले पाहिजे. दाटीवाटीच्या शहरातून परतणाऱ्या माणसाला अशी निवांत भिंत हवीशी वाटावी, यात गैर काही नाही.

यजमानांनी त्या भिंतीवर एके ठिकाणी बोट दाबले आणि ती उघडली. आत छतापर्यंत सामान खच्चून भरलेले होते. घरातील वस्तू कमी झाल्या नव्हत्या, दिसेनाशा झाल्या होत्या. मिनिमलिझम म्हणून मिरवणाऱ्या या शैलीची परीक्षा येथेच घ्यावयास हवी.

व्हिएन्नाचे वास्तुरचनाकार अडॉल्फ लूस यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी अलंकरणावर झोड उठवली. नक्षीकामात कारागिराचे श्रम वाया जातात आणि वस्तू झिजण्याआधीच तिची शैली शिळी होते, हा त्यांचा आक्षेप होता. आजचे मापाबरहुकूम बेतलेले प्लायवूड व लॅमिनेटचे फर्निचर बहुधा भिंतीशीच जखडलेले असते. घर बदलले, तर ते सोबत नेणे कठीण. आवड बदलली, तर तोडावे लागते. नक्षी गेली, अपव्यय मात्र राहिला.

गांधीजी 1936 साली सेवाग्रामला राहावयास गेले. तेथील बापूकुटी माती, लाकूड आणि बांबू यांची आहे. एकेकाळी कॅथॉलिक धर्मगुरू असलेले विचारवंत इव्हान इलिच यांनी 1978 साली सेवाग्राम येथे केलेल्या भाषणात त्या कुटीचे मर्म उलगडले होते. वस्तूंचा संचय जसजसा वाढतो, तसतसे माणसाचे परावलंबन वाढते, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. आपल्या जुन्या घरांनाही हे ठाऊक होते. भिंतीत कोनाडा, वर कपड्यांची दांडी, कोपऱ्यात वळकटी. सकाळी अंथरूण गुंडाळले, की निजण्याच्या खोलीची बैठक होई. पाहुणे आले, की आणखी चार चटया पसरत. तेथील रिकामी जागा माणसांसाठी राखलेली असे.

निघताना यजमानांच्या वृद्ध मातोश्री निरोप देण्यासाठी त्या ठेंगण्या पलंगावरून उठू लागल्या. आधारासाठी त्यांनी भिंतीवर हात टेकला. तो गुळगुळीत लॅमिनेटवरून घसरला. धरावयास तेथे काहीच नव्हते. घर मापाने बेतले होते खरे. पण सुताराची टेप भिंतींनाच लागली होती, मातोश्रींच्या गुडघ्यांची उंची कोणी मोजली नव्हती. पलंग वीतभर उंच आणि शेजारी एक लाकडी दांडा, एवढे केले असते, तरी त्या घराच्या साधेपणाला अर्थ आला असता.