न विचारलेला प्रश्न

वाईजवळच्या धोममध्ये ऑगस्ट २०१६मध्ये पोलिसांनी जमीन उकरून मृतदेह बाहेर काढले. गावात डॉक्टर म्हणून वावरणाऱ्या माणसावर सहा खुनांचा आरोप झाला. त्या बातम्या वाचताना अंगावर काटा आला, तो आकड्यामुळं नाही. ज्याच्यापुढं लोक विश्वासानं मनगट धरत होते, त्याच माणसाचं नाव पुढं आलं, म्हणून.

चार वर्षांनी, ऑगस्ट २०२०मध्ये, झी मराठीवर त्याच प्रकरणाचा धागा घेऊन ‘देवमाणूस’ ही मालिका सुरू झाली. रहस्यकथेत खून कुणी केला, हे शेवटपर्यंत झाकून ठेवतात. सायकॉलॉजिकल थ्रिलर बहुतेक वेळा ते आधीच सांगून मोकळा होतो. आपल्याला माहीत असतं, पडद्यावरच्या बाईला माहीत नसतं, आणि ती हसतमुखानं त्याच्याच दारात जाते. मालिकेनं हा संकेत नेमका पकडला होता. तालुक्याचा डॉक्टर संध्याकाळी निघून जातो, तिथं रात्री-अपरात्री धावून येणाऱ्याला गाव देव म्हणणारच. केसानं गळा कापायचा तर आधी मान विश्वासानं पुढं यावी लागते.

मनाच्या थराराचं हे बियाणं आपल्याकडं बाहेरून आलं, असं समजायचं कारण नाही. धोमवरून वाहणारी कृष्णा सांगलीजवळ वारणेला मिळते, तिथं हरिपूर आहे. गोविंद बल्लाळ देवल तिथले. ‘ऑथेल्लो’वरून त्यांनी १८९०मध्ये ‘झुंझारराव’ आणलं. त्यात सगळा अनर्थ एका रुमालापायी होतो. घरात रोज काहीबाही हरवतं, सापडतं. पण मनात पाल चुकचुकलेल्या नवऱ्याला तो रुमाल रुमाल दिसतच नाही, पुरावा दिसतो. तो तर्क करतो, पाळत ठेवतो, जळतो. बायकोला समोर बसवून नीट विचारत मात्र नाही. जे काही विचारतो, ते निकाल लागल्यावर.

याच देवलांनी पुढं ‘संशयकल्लोळ’ लिहिलं. तिथं रुमालाच्या जागी तसबीर आहे आणि प्रेक्षक पोट धरून हसतो. मला ही जोडी फार मोलाची वाटते. दोन्हीकडं माणूस अर्धंच बघतो आणि उरलेलं त्याचं मन भरून काढतं. एकीकडं माणसं वेळेत एकमेकांसमोर उभी राहतात, घोटाळा सुटतो. दुसरीकडं कुणीच विचारत नाही आणि प्रेत पडतं. मनाच्या थराराची खरी कळ इथं आहे. अंधार, पाऊस, करकरणारं दार हे सगळं नंतरचं. सांगलीच्याच कृ. प्र. खाडिलकरांनी ‘सवाई माधवरावांचा मृत्यू’ या नाटकात ती कळ शनिवारवाड्यात नेली. तिथं पेशव्याच्या कानात विष ओतणारा केशवशास्त्री आपल्या आवाजात बोलतच नाही. तो पेशव्याच्याच मनातला आवाज होऊन बोलतो.

सिनेमात मिरजेच्या राजा परांजप्यांचा ‘पाठलाग’ (१९६४) आठवावा. त्यावरूनच हिंदीत ‘मेरा साया’ निघाला. गेलेल्या बायकोचा चेहरा घेऊन एक आरोपी बाई समोर येते आणि वकील नवऱ्याची परीक्षा सुरू होते. डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की आठवणीवर?

पण माझ्या लेखी या वाटेवरचा मराठीतला सगळ्यात मोठा चित्रपट ‘सामना’. त्याला कुणी थ्रिलर म्हणत नाही, हे खरं. तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. साखर कारखान्याचा मुलूख, निळू फुल्यांचा हिंदुराव आणि साताऱ्यात जन्मलेल्या श्रीराम लागूंचा दारूत बुडालेला मास्तर. मारुती कांबळे नावाचा माणूस कुठं गेला, एवढंच मास्तर विचारत राहतो. हिंदुराव त्याला खाऊ घालतो, पिऊ घालतो, घरात ठेवून घेतो. त्या पाहुणचाराची भीती वाटायला लागते. निळूभाऊंच्या चेहऱ्यावर आधी कौतुक असतं, मग कंटाळा, मग हिशेब. सुरी नाही, किंकाळी नाही. एक साधा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आणि गाव मान खाली घालतं.

या मापानं पाहिलं तर ‘देवमाणूस’ कमी पडली, आणि त्याचं मला वाईट वाटतं. विषय घरचा होता, बोली घरची होती. पण भाग वाढत गेले तसा गावाचा विश्वास भोळसटपणा वाटू लागला. मालिकेतल्या सरूआजीच्या म्हणी गाजल्या. मेलेल्या बायका मात्र पुरल्या त्या क्षणी गोष्टीतूनही गेल्या. खुन्याचं मन उलगडता उलगडता कॅमेरा त्याच्यावरच भाळला. ही खोड आज सगळीकडं आहे. अलीकडचे कितीतरी चित्रपट आणि वेबमालिका बालपणीचा एक आघात शेवटच्या दहा मिनिटांत सांगून मोकळ्या होतात, जणू मन म्हणजे कुलूप आणि तेवढी एकच किल्ली. परेश मोकाशींची ‘वाळवी’ (२०२३) ताजी वाटली ती यामुळंच. तिथं खुनाचा बेत आखणारी माणसंच आपल्या घाबरटपणानं उघडी पडत जातात.

धोमच्या गोष्टीवर पुन्हा कुणी लिहिणार असेल, तर त्यानं डॉक्टरच्या हसण्यापासून सुरुवात करू नये. एक बाई घरी परतली नाही, त्या संध्याकाळपासून करावी. ताट झाकून ठेवलेलं आहे. शेजारीण विचारायला म्हणून उंबऱ्यापर्यंत येते, आत डोकावते, आणि ‘माहेरी गेली असंल’ असं स्वतःशीच म्हणत मागं फिरते.