‘प्रश्न उद्भवत नाही’

विधिमंडळातील आणि संसदेतील प्रश्नोत्तरांकडे वाङ्मय म्हणून पाहण्याची आपल्याकडे प्रथा नाही. वृत्तपत्रे त्यांतून बातमी काढतात. राज्यशास्त्राची पाठ्यपुस्तके त्यांना मंत्रिमंडळावरील नियंत्रणाचे साधन म्हणतात. साहित्याचा समीक्षक मात्र त्या वाटेला जात नाही, कारण तिथे त्याला सौंदर्य दिसत नाही. मला वाटते, दलित समीक्षेने या वाटेने जाणे आवश्यक आहे. ज्या माणसांविषयी मराठी साहित्य दीर्घकाळ गप्प राहिले, त्यांच्याविषयी सरकारी कागद सतत लिहीत आलेला आहे. त्याने आपली मोजदाद केली, आपल्या अर्जांवर शेरे मारले, आपल्याला व्याख्येत बसवले किंवा व्याख्येबाहेर काढले. माझ्या घरात लिहिता-वाचता येणारा मी पहिला. त्यामुळे कवितेच्या आधी मला वाचावी लागली ती वस्तीत येणारी सरकारी पत्रे. लोक विचारायचे, “यात काय लिहिलंय?” आणि पत्र दोनदा वाचूनही मला सांगता यायचे नाही. पुढे कळले की पुष्कळदा ते पत्र काही न सांगण्यासाठीच लिहिलेले असते. या भाषेची चिकित्सा करणे हे मी मराठीच्या शिक्षकाचे काम समजतो.

आपल्या विधानसभेच्या तारांकित प्रश्नाचा साचा पाहा. पहिल्या पोटप्रश्नात एखादी घटना सांगून विचारायचे, “हे खरे आहे काय?” मग “असल्यास” म्हणून पुढचे पोटप्रश्न यायचे. शेवटी, “नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?” उत्तरांचाही साचा ठरलेला आहे : “हे खरे आहे”, “हे खरे नाही”, “अंशतः खरे आहे”. पहिले उत्तर नकारार्थी आले की पुढच्या सगळ्या पोटप्रश्नांना मिळून एकच उत्तर पुरते : “प्रश्न उद्भवत नाही.”

या भाषेचे व्याकरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. “कार्यवाही करण्यात येत आहे”, “माहिती गोळा करण्यात येत असून सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल” या वाक्यांना कर्ता नाही. कोण करीत आहे, केव्हा करील, न केल्यास कोणाला जाब विचारायचा, हे वाक्यातून कळत नाही. “उद्भवणे” हे क्रियापद तर असे आहे की जणू प्रश्न पावसाळ्यातल्या अळंबीसारखा आपोआप उगवतो किंवा उगवत नाही. वस्तुतः प्रश्न माणूस विचारतो. तो विचारणारा आणि ज्याच्यासाठी विचारला तो, असे दोघेही या एका क्रियापदाने पुसले जातात.

हे केवळ भाषेचे दोष आहेत काय? त्याचा निर्णय करण्यासाठी आपल्याला एक निकष हवा, आणि तो संविधानकारांनीच देऊन ठेवलेला आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी अध्यक्षीय आणि संसदीय पद्धतींची तुलना केली. संसदीय पद्धतीत सरकारच्या जबाबदारीचे मूल्यमापन दोन प्रकारे होते, असे त्यांनी सांगितले. एक ठरावीक काळाने, म्हणजे मतदार निवडणुकीत करतात ते. दुसरे दैनंदिन, म्हणजे सभासद प्रश्न, ठराव, अविश्वासाचा प्रस्ताव, तहकुबी सूचना, चर्चा यांच्याद्वारे करतात ते. यांतले दैनंदिन मूल्यमापन त्यांना अधिक परिणामकारक वाटत होते, आणि स्थैर्यापेक्षा जबाबदारीला अधिक महत्त्व देणारी पद्धत म्हणून मसुद्याने संसदीय पद्धत स्वीकारली. त्या यादीत ‘प्रश्न’ पहिला आहे. याचा अर्थ असा की मंत्र्याने दिलेले टाळाटाळीचे उत्तर ही किरकोळ बाब नव्हे. ज्या पायावर ही पद्धत निवडली, तो पायाच त्याने खचतो.

आता एक उदाहरण घेऊ. फेब्रुवारी २०२१ मध्ये लोकसभेत सामाजिक न्याय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी लेखी उत्तरात सांगितले की ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या पाच वर्षांत गटारे आणि सेप्टिक टाक्या साफ करताना ३४० माणसे मेली. त्याच वर्षी जुलैमध्ये राज्यसभेत मल्लिकार्जुन खर्गे आणि एल. हनुमंतय्या यांनी हाताने मैला साफ करताना झालेल्या मृत्यूंविषयी प्रश्न विचारला. त्याच मंत्र्यांचे लेखी उत्तर आले की अशा कामामुळे मृत्यू झाल्याची नोंद नाही. देशभर ओरड झाली. पुढच्याच आठवड्यात केंद्रीय मंत्री वीरेंद्र कुमार यांचे उत्तर राज्यसभेत आले, आणि त्यात दोन्ही गोष्टी एकत्र होत्या : हाताने मैला साफ करण्यामुळे मृत्यू झाल्याचा अहवाल नाही; गटारे आणि सेप्टिक टाक्या साफ करताना मात्र ९४१ माणसे मेली आहेत.

हे उत्तर खोटे आहे, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. कायद्याच्या शब्दाला धरून पाहिले तर ते बरोबर आहे. २०१३ च्या कायद्यात दोन व्याख्या आहेत. अस्वच्छ शौचालयातला, किंवा अशा शौचालयांची घाण जिथे पडते त्या उघड्या नाल्यातला आणि खड्ड्यातला, तसेच रेल्वेरुळांवरचा मैला हाताने काढणारा, वाहणारा तो एका व्याख्येत येतो. संरक्षक साधने न देता गटारात किंवा सेप्टिक टाकीत ज्याला उतरवले, त्याचे काम ‘धोकादायक सफाई’ या दुसऱ्या व्याख्येत जाते. शिवाय केंद्र सरकारने ठरवलेली साधने आणि संरक्षक पोशाख देऊन ज्याच्याकडून मैला साफ करून घेतला, तो पहिल्या व्याख्येत धरायचा नाही, असे स्पष्टीकरणही कायद्यातच आहे. दोन्ही गोष्टींना बंदी आहे, दोन्हींना शिक्षा आहे. परंतु खाती दोन आहेत. विषारी वायूने गुदमरून मेलेला माणूस दुसऱ्या खात्यात जमा होतो आणि पहिले खाते कोरे राहते. मग त्या कोऱ्या खात्यावर बोट ठेवून मंत्री सभागृहाला सांगू शकतात, नोंद नाही.

काहीजण म्हणतील, व्याख्या कायद्याने केली, मंत्र्यांनी नव्हे. आणि गटारातील मृत्यूंचे आकडेही त्यांनीच दिले. हे खरे आहे. परंतु हा कायदा कशासाठी आला? मैला वाहणाऱ्यांना पिढ्यान् पिढ्या सोसावा लागलेला अन्याय आणि अप्रतिष्ठा दूर करण्यासाठी, असे त्याच्या प्रास्ताविकातच म्हटले आहे. सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर २७ मार्च २०१४ रोजी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने ही दोन खाती वेगळी ठेवली नाहीत. मैला वाहण्याच्या प्रथेचा विचार करतानाच न्यायालयाने १९९३ पासून गटारात आणि सेप्टिक टाकीत मेलेल्यांची कुटुंबे शोधून प्रत्येकी १० लाख रुपये द्यावेत, असा आदेश दिला. ऑक्टोबर २०२३ च्या निर्णयात ही रक्कम ३० लाख झाली. जे न्यायालयाला एकाच प्रथेचे दोन भाग म्हणून दिसले, ते मंत्रालयाला दोन स्वतंत्र विषय म्हणून दिसावेत, ही केवळ व्याख्येची अडचण नाही. कोणती व्याख्या पुढे करायची आणि कोणती मागे ठेवायची, याची ती निवड आहे.

आठवले पँथरच्या चळवळीतून आलेले आहेत. त्यामुळे त्यांच्या नावावर असे उत्तर छापलेले पाहून आपल्यातील अनेकांना वेदना झाली. परंतु एका व्यक्तीला दोष देऊन थांबणे मला पुरेसे वाटत नाही. उत्तराचा मसुदा खाते करते, मंत्री तो सभागृहापुढे ठेवतात. आपला माणूस खुर्चीवर बसला म्हणजे खुर्चीची भाषा बदलेल, या श्रद्धेची इथे परीक्षा झाली आहे. प्रतिनिधित्व मिळाले, पण शब्द खात्याचेच राहिले. जो खात्याच्या मसुद्यावर काट मारून स्वतःचे वाक्य लिहील, त्याचेच प्रतिनिधित्व आपल्या उपयोगाचे.

असे करता येते याचे उदाहरण बाबासाहेबांच्याच आयुष्यात आहे. १९२७ पासून मुंबईच्या कौन्सिलात ते सरकारला प्रश्न विचारणाऱ्यांत होते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना ते उत्तर देणाऱ्यांत होते. युद्धकाळात कोळशाची टंचाई झाली म्हणून स्त्रियांनी खाणीत जमिनीखाली काम करण्यावरची बंदी सरकारने १९४३ मध्ये उठवली. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात रेणुका राय आणि इतर सभासदांनी त्यावरून सरकारला धारेवर धरले. बाबासाहेबांनी निर्णयाचे समर्थन केले : निकड सांगितली, हा उपाय तात्पुरता असल्याचे सांगितले, स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी मिळते याकडे लक्ष वेधले. हे समर्थन आज मला पूर्णपणे पटत नाही. १९४६ मध्ये बंदी पुन्हा आली, हेही लक्षात ठेवले पाहिजे. परंतु बाया खाली उतरतात ही गोष्ट त्यांनी व्याख्येआड दडवली नाही. त्यांनी कारणे दिली, म्हणून आज मला त्यांच्याशी असहमत होता येते. “नोंद नाही” या उत्तराशी मी असहमत तरी कसा होऊ? त्यात विचारच नाही. मंत्र्याच्या उत्तराची कसोटी मला एवढीच दिसते : त्याच्याशी भांडता आले पाहिजे.

भांडता येण्याची सोय पूरक प्रश्नात असते. १८९२ च्या कायद्याने कौन्सिलच्या सभासदांना प्रश्न विचारण्याचा हक्क मिळाला, पण उत्तरावर उलट विचारण्याचा नाही. १९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला तो मिळाला. लेखी उत्तरात ही संधी नसते. लोकसभेत रोज २० तारांकित प्रश्न यादीत येतात, त्यांतल्या थोड्यांनाच तोंडी उत्तर मिळते. बाकीचे शेकडो प्रश्न कागदावर विचारले जातात आणि कागदावर मिटतात. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात साथीचे कारण सांगून प्रश्नोत्तराचा तासच वगळला गेला आणि केवळ लेखी उत्तरे उरली. टाळेबंदीत वाटेवर मेलेल्या स्थलांतरित मजुरांविषयी विचारले असता, अशी आकडेवारी ठेवली जात नाही, असे उत्तर आले ते याच अधिवेशनात. हक्काच्या बाबतीत तेवढ्या काळापुरते आपण १८९२ मध्ये होतो.

मात्र सगळा दोष उत्तर देणाऱ्यावर टाकणेही योग्य नाही. प्रश्न कसा विचारला जातो, यावर पुष्कळ अवलंबून असते. सरकारच्या शब्दात प्रश्न विचारला की उत्तरही सरकारच्या खात्यातून येते. उलट, डिसेंबर २०२१ मध्ये संसदेत एक प्रश्न जातीविषयी विचारला गेला. हाताने मैला साफ करणारे म्हणून ५८,०९८ लोकांची ओळख पटली होती. त्यांपैकी ज्यांच्या जातीची नोंद होती ते ४३,७९७. त्यांत अनुसूचित जातींचे ४२,५९४, अनुसूचित जमातींचे ४२१, इतर मागासवर्गीय ४३१ आणि बाकीचे ३५१. शंभरामागे सत्त्याण्णव! कोणत्याही मंत्र्याने भाषणात कधी दिली नसती अशी ही कबुली एका नेमक्या प्रश्नाने काढून घेतली. स्वच्छता हा नागरी सुविधेचा विषय आहे, जातीचा नाही, असे सांगणाऱ्या प्रत्येकापुढे ठेवावा असा हा सरकारी दस्तऐवज आहे. यंत्र तेच आणि मंत्रालयही तेच होते. विचारणारा जातीचे नाव घ्यायला कचरला नाही, एवढाच फरक.

म्हणून कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी हे काम हाती घ्यावे असे मला वाटते. जुलै २०२३ मध्ये लोकसभेत आकडा आला : २०१८ पासून ३३९ मृत्यू. आकड्याला नाव नसते, गाव नसते, ठेकेदार नसतो. या गोष्टी आपल्या तालुक्यात, आपल्या नगरपालिकेत आपण गोळा करू शकतो. माहितीच्या अधिकाराचा अर्ज करता येतो, पोलीस ठाण्यात नोंद पाहता येते, घरच्यांना भेटता येते. त्या माहितीवरून प्रश्न लिहून आमदाराच्या हातात देता येतो. उदाहरणादाखल मी साचा लिहितो, जागा वाचकांनी भराव्यात :

(१) अमुक नगरपालिकेच्या हद्दीत अमुक तारखेला सेप्टिक टाकीत उतरवलेल्या अमुक कामगाराचा गुदमरून मृत्यू झाला, हे खरे आहे काय?
(२) असल्यास, त्यास टाकीत उतरण्यास कोणी सांगितले, त्या ठेकेदाराचे व मूळ मालकाचे नाव काय?
(३) २०१३ च्या कायद्याच्या कलम ७ व ९ अन्वये कोणाविरुद्ध गुन्हा नोंदवला, व खटल्याची आजची स्थिती काय?
(४) सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे वारसास किती रक्कम, कोणत्या तारखेस दिली?
(५) मृताची जात कोणती, व गेल्या दहा वर्षांत याच हद्दीत अशा कामात मेलेल्या प्रत्येकाची जात कोणती?
(६) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

यातील पहिल्या प्रश्नाला “हे खरे नाही” म्हणणे कठीण आहे, कारण तारीख, गाव आणि माणूस आपण दिलेला आहे. ते म्हटले नाही की पुढच्या पाचांना “उद्भवत नाही” हे उत्तर देता येत नाही.

सभागृहातील शब्दाने सगळे साधते असा माझा दावा नाही. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबईच्या कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना कागदावर खुले झाले. प्रत्यक्ष पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ रोजी महाडला, आणि त्यासाठी माणसांना चालत जावे लागले. परंतु महाडला जाणाऱ्यांच्या हातात त्या ठरावाचा आधार होता, हेही विसरता येत नाही. सभागृह आणि रस्ता ही दोन्ही आपलीच क्षेत्रे आहेत. सभागृहात जे उत्तर छापले जाते, ते उद्या पुरावा म्हणून वाचले जाणार आहे. आज आपण ते वाचले नाही, त्यातले खोट दाखवले नाही, तर पन्नास वर्षांनी एखादा संशोधक कागद उलटेल आणि लिहील की २०२१ पर्यंत या देशात हाताने मैला साफ करताना कोणी मेले नव्हते. त्याच्याजवळ मंत्र्यांचे लेखी उत्तर असेल. आपलेही काही लिहिलेले त्याच्या हाती लागावे, यासाठी हे काम आजच सुरू केले पाहिजे.