‘श्यामची आई’चा देखणेपणा आणि प्रेक्षकांची मते

बालवाङ्मयातील मान्यता पावलेली एखादी कृती पडद्यावर आली, म्हणजे तिच्याविषयी व्यक्त होणारी मते पुष्कळदा त्या चित्रपटाविषयी नसतातच. वाचकाने आपल्या मनात पूर्वीच जो चित्रपट पाहून ठेवलेला असतो, त्याविषयी ती असतात. सुजय डहाके दिग्दर्शित ‘श्यामची आई’ (२०२३) या चित्रपटाच्या बाबतीत गुंतागुंत याहूनही अधिक आहे. कारण येथे मनातल्या चित्रपटाच्या जोडीला आचार्य अत्रे यांचा १९५३ चा प्रत्यक्ष चित्रपटही उभा आहे, आणि त्याला राष्ट्रपतींच्या पहिल्या सुवर्णपदकाचे वलय आहे.

आंबेगाव तालुक्यातील अवसरी खुर्द येथे दोन पिढ्यांच्या प्रेक्षकांशी झालेल्या बोलण्यात एक शब्द वारंवार आला: ‘देखणा’. या बोलण्यास पाहणीचे मोल देण्याचा हेतू नाही. तथापि एकच विशेषण कोणी गौरवार्थी आणि कोणी दूषणार्थी वापरावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी खास आहे. तरुण मंडळींच्या मते चित्रपट कृष्णधवल असूनही देखणा आहे. वडीलधाऱ्यांच्या मते तो देखणा आहे खरा, परंतु डोळ्यांत पाणी येत नाही. या दोन ‘परंतुं’मध्ये समीक्षेचा खरा प्रश्न दडलेला आहे.

प्रथम रंगाचा विचार करू. अत्र्यांच्या चित्रपटात रंग नव्हते, कारण १९५३ साली मराठी चित्रपट कृष्णधवलच निघत. त्या काळच्या प्रेक्षकाने वनमाला आणि माधव वझे यांना पाहिले. त्यांचा ‘कृष्णधवलपणा’ त्याने पाहिला नाही. २०२३ साली मात्र रंग हाताशी असताना ते नाकारले गेले. म्हणजे एके ठिकाणी जे साधन होते, तेच दुसऱ्या ठिकाणी अलंकार झाले. अलंकारांचा त्याग हाच अलंकार करण्याची युक्ती आपल्या काव्यशास्त्रास अपरिचित नाही. पण त्या त्यागाकडे लक्ष वेधून घेतले गेले, तर तो भरजरी वस्त्राइतकाच भारी पडतो. छायाप्रकाशाची नीटस योजना पाहून प्रेक्षक चौकटीचे कौतुक करू लागतो आणि चौकटीतील माणसे क्षणभर मागे पडतात. ‘देखणा’ या शब्दातील दूषणाचा अंश येथून येतो, असे मला वाटते.

रंगांचा त्याग अर्थपूर्ण कसा होतो, याचे एक प्रसिद्ध उदाहरण १९३९ चा ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ हा वैभवशाली अमेरिकी चित्रपट होय. त्यात कॅन्सस एकरंगी तपकिरी छटेत आणि ऑझची नगरी झगझगीत रंगांत येते. बॉम यांच्या १९०० सालच्या मूळ पुस्तकातही कॅन्ससचे माळरान करड्या रंगाचेच वर्णिलेले आहे. तेव्हा हा भेद संहितेतूनच उगवला आहे. ‘श्यामची आई’ हे पुस्तक करड्या रंगाचे आहे काय? माझे उत्तर नकारार्थी आहे. साने गुरुजींची आई मुलास उमलण्यापूर्वी कळ्या न खुडण्याचा धडा देते. गुरुजींचे गद्य फुलांनी, पानांनी, नदीविहिरींच्या पाण्याने भरलेले आहे, क्वचित अंमळ अधिकच भरलेले आहे. ते दारिद्र्याचे पुस्तक आहे, पण विरक्त रंगांचे नव्हे. भूतकाळ म्हणजे रंगहीन काळ, हा समज जुन्या छायाचित्रांनी आपल्यावर लादलेला आहे. पालगडच्या श्यामला त्याचे बालपण करडे दिसले नव्हते.

तरी वडीलधाऱ्यांचे मतही जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. अश्रू हे चित्रपटाचे माप ठरवले, तर या पुस्तकातील पुष्कळसे श्रेष्ठ साहित्य मापाबाहेर राहील. अळणी भाजीचा प्रसंग घ्या. भाजीत मीठ घालायचे राहिले आहे. वडील काही न बोलता जेवतात, मुलेही बोलत नाहीत, आणि आई जेवावयास बसते तेव्हा तिला ते कळते. येथे पाहण्यासारखे जवळजवळ काहीच नाही. चव दिसत नाही, न बोललेले वाक्य दिसत नाही. कॅमेरा कितीही कुशल असला तरी मिठाचा अभाव त्याला टिपता यावयाचा नाही. तेथे नटांच्या संयमावरच सारी भिस्त. उलट, पोहण्यास भिणाऱ्या श्यामला आई मारून विहिरीकडे धाडते, तो प्रसंग स्वभावतःच दृश्य आहे: पाणी, खोली, भीती, सारे डोळ्यांसमोर येऊ शकते. एकाच पुस्तकातील हे दोन प्रसंग चित्रपटकाराकडे दोन भिन्न मागण्या करतात. ‘देखणा पण कोरडा’ हे सरसकट मत हा फरक पाहत नाही.

आणखी एक गोष्ट. हे पुस्तक फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेले, आणि त्याची रचना ‘रात्रीं’ची आहे: मोठा झालेला श्याम आश्रमातील सोबत्यांना रोज रात्री आठवण सांगतो. ऐकणारे आईला पाहत नाहीत, सांगणाऱ्यास पाहतात. प्रौढ साने गुरुजींची भूमिका ओम भूतकर यांच्याकडे देऊन नव्या चित्रपटाने हा सांगणारा पडद्यावर आणला, ही त्याची खरी जमेची बाजू आहे, आणि तिच्याविषयी प्रेक्षक फारसे बोलत नाहीत याचे नवल वाटते. अंधारात बोलणाऱ्या माणसाच्या कथेस छायाप्रकाश शोभतो. रंगत्यागाचे समर्थन करावयाचे तर ते काळाच्या आभासापेक्षा या कथनाच्या आधारे अधिक सबळपणे करता येईल. चित्रपटाच्या गुणवत्तेस अधिकृत मान्यताही मिळाली आहे. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या ७१ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला.

मात्र दारिद्र्याचा प्रश्न उरतोच. कर्जात बुडालेले खोताचे घर, मोठ्या घरातून झोपडीवजा घरात आलेले कुटुंब, सावकाराच्या माणसासमोर होणारा आईचा अपमान, हे सारे सुरेख प्रकाशात न्हाले म्हणजे त्यातील टोचणी बोथट होण्याचा धोका असतो. अवसरीतील एका शेतकरी प्रेक्षकाने याच अंगाने, पण निराळ्या शब्दांत, एक शंका काढली. घाटाच्या या बाजूस राहणाऱ्या त्या गृहस्थांना कोकणातली तांबडी माती पाहावयाची होती. कोणत्या जमिनीत हे घर बुडाले, ते त्यांना मातीच्या रंगावरून ताडता आले असते.